दुखतं का, हे आधी तपासणाऱ्यानं विचारायला हवं

बाळंतपणानंतरच्या तपासणीत काय काय विचारतात, ते बहुतेक आयांना पाठ असतं. बाळ नीट पितं का, त्याचं वजन वाढतंय का, टाके भरले का, अंगावरून जाणं थांबलं का, ताप येऊन गेला का, आणि पुढचं मूल इतक्यात नको असेल तर कोणतं साधन वापरणार. एक प्रश्न मात्र क्वचितच कानावर पडतो. शरीरसंबंध पुन्हा सुरू झाले का, आणि झाले असतील तर दुखतं का?

हा प्रश्न विचारावा, असं सांगणारी मी पहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली प्रसूतीनंतरच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रसूतीनंतर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक स्त्रीला संबंध सुरू झाले का आणि त्या वेळी वेदना होतात का, हे विचारावं आणि तिच्या एकूण तब्येतीच्या चौकशीचाच तो एक भाग असावा, असं ती शिफारस सांगते. शिफारस कागदावर आहे. तपासणीच्या खोलीत ती पोचलेली नाही, आणि न पोचण्याची किंमत बायका महिनोन्महिने, काही जणी वर्षानुवर्षं, अंथरुणात मोजत असतात.

बायकांनी लाज सोडावी, मोकळेपणानं बोलावं, असा उपदेश या विषयावर नेहमी ऐकू येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. बाळंतपण नुकतंच उरकलेली, रात्र रात्र जागणारी, स्वतःच्या शरीरात नेमकं काय झालंय हे कुणीही न सांगितलेली बाई. तिनेच धीर करून, योग्य शब्द शोधून, घाईत असलेल्या डॉक्टरांसमोर हा विषय काढायचा? विषय काढण्याची जबाबदारी ज्याच्या हातात तिचा तपासणी-कागद आहे त्याची आहे. आणि ती एकदा विचारून संपत नाही, निदान वर्षभर तरी पुन्हा पुन्हा विचारत राहावं लागतं.

असं का म्हणते, ते कळायला आधी शरीरात काय घडतं ते बघावं लागेल.

वार (प्लासेंटा) पडली की काही दिवसांतच स्त्रीच्या रक्तातलं इस्ट्रोजेन झपाट्यानं खाली येतं. गरोदरपणात हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात वारेतूनच येत असतं, त्यामुळे ती गेली की पुरवठाच तुटतो. पुढे बाळाला अंगावर पाजत असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, चढं राहतं. ते बीजांडकोशांना शांत ठेवतं आणि इस्ट्रोजेन खालीच राहतं. योनीचं आतलं अस्तर या इस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं. ते मिळेनासं झालं की अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं, त्याची लवचीकता कमी होते. पाळी कायमची गेल्यावर जे बदल होतात, त्यांच्याशी हे बदल पुष्कळसे जुळतात. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईला निदान तेवढा अंदाज असतो. पंचविशी-तिशीतल्या आईला मात्र याची कुणी कल्पनाच दिलेली नसते. मन तयार असूनही शरीर साथ देत नाही, आग होते, चरचरतं, आणि तिचा निष्कर्ष असा निघतो की आपलंच काहीतरी बिघडलं, आपलं नवऱ्यावरचं प्रेम आटलं. नवराही तोच अर्थ काढतो. खरं कारण असतं एक संप्रेरक, आणि ते स्तनपान कमी होऊन पाळी परत आली की बहुतेकींच्या बाबतीत आपोआप सावरतं. एवढी दोन वाक्यं दवाखान्यातून निघताना सांगितली, तरी कितीतरी घरांतले गैरसमज टळतील.

दुसरी गोष्ट जखमेची. योनीमार्गे पहिलं बाळंतपण झालेल्या बहुतेक स्त्रियांना योनीद्वाराशी लहानमोठी फाट पडते किंवा बाळ बाहेर यावं म्हणून तिथे छेद दिलेला असतो. या फाटींच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त त्वचा, दुसरीत खालचे स्नायू, तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, आणि चौथीत ती थेट गुदाशयाच्या अस्तरापर्यंत जाते. तिसऱ्या-चौथ्या पायरीची फाट त्याच वेळी ओळखून नीट शिवली गेली तर बऱ्याच जणी चांगल्या सुधारतात. ती नजरेतून सुटली तर पुढे वायू आणि शौच यांवरचा ताबा जाऊ शकतो. आता विचार करा, अशी भीती मनात असताना कोणती बाई जवळीक मागेल? ती अंग चोरते, टाळते, आणि टाळण्याचं कारण कुणालाही सांगत नाही. तिला इच्छा नाही असं सगळे धरून चालतात. वास्तविक तिला शल्यचिकित्सकाची गरज असते.

साध्या दिसणाऱ्या जखमेतही गुंतागुंत राहू शकते. टाक्यांच्या जागी व्रण घट्ट होतो, कधी तिथली संवेदना वाढते, कधी भरून येताना लालसर, हात लावला की रक्त येणारं जास्तीचं मांस वाढतं. हे शेवटचं तर दवाखान्यात काही मिनिटांत उपचार करून बरं करता येतं. पण त्यासाठी कुणीतरी बघायला हवं, आणि बघण्याआधी विचारायला हवं. छेदाबद्दल एक सांगून पुढे जाते. सरसकट प्रत्येकीला छेद देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची स्पष्ट शिफारस आहे. आणि शिवताना ‘नवऱ्यासाठी’ म्हणून एखादा टाका जास्तीचा घालण्याचा जो प्रकार अनेक देशांतल्या बायकांनी सांगितला आहे, त्याला वैद्यकीय आधार काडीचाही नाही. दुसऱ्याच्या सुखाच्या कल्पनेपायी एका माणसाच्या शरीराला तिला न विचारता सुई लावणं, हा छळ आहे, आणि त्याला दुसरं कोणतंही सौम्य नाव देऊ नये.

तिसरी गोष्ट ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची, ज्यांना आता सगळेच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या सगळ्यांचा भार त्यांच्यावर असतो. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा मधला भाग किती ताणला जातो, याचा हिशेब २००४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीवर मांडला गेला, तेव्हा तो मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त निघाला. शरीरातला इतर कुठलाही ऐच्छिक स्नायू इतका ताण दिला तर फाटेल. हाही कधी कधी हाडापासून सुटतो. मग लघवी थेंबथेंब गळणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, संबंधाच्या वेळी जाणीवच कमी होणं असे त्रास सुरू होतात. काहींच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. पहिल्यांदा दुखलं म्हणून पुढच्या वेळी स्नायू भीतीनं आवळले जातात, आवळल्यामुळे जास्त दुखतं, आणि जास्त दुखल्यामुळे आणखी आवळतात. हे चक्र एकदा सुरू झालं की मूळ जखम बरी झाली तरी दुखणं राहतं.

आणि सिझेरियन झालं म्हणजे या सगळ्यातून सुटका, असं समजणाऱ्यांनी मेलबर्नमधल्या एका मोठ्या पाहणीकडे बघावं. पहिल्यांदा आई झालेल्या दीड हजार स्त्रियांची तिथे गरोदरपणापासून पुढे चौकशी केली गेली. बाळंतपणानंतर दीड वर्षानं संबंधाच्या वेळी वेदना असण्याची शक्यता, टाके घालावे न लागता साध्या मार्गानं बाळंत झालेल्यांच्या तुलनेत, तातडीच्या सिझेरियनमध्ये आणि बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूम लावून झालेल्या प्रसूतीत दुपटीहून जास्त आढळली. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्येही ती वाढलेलीच होती. तरीही सिझेरियन झालेल्या बाईला हा प्रश्न विचारावा असं कुणाच्या मनातही येत नाही. तिचे टाके पोटावर, मग तिला काय विचारायचं?

त्याच पाहणीतले बाकीचे आकडेही मला महत्त्वाचे वाटतात. बाळंतपणानंतर पहिल्यांदा संबंध आला तेव्हा शंभरातल्या जवळजवळ ८६ जणींना दुखलं. तीन महिन्यांनी हा आकडा ४५ च्या आसपास, सहा महिन्यांनी ४३, वर्षानं २८, आणि दीड वर्षानं २३. तीन ते सहा महिन्यांच्या मधली घट किती कमी आहे ते बघा. ‘होईल हळूहळू बरं’ हे सांगणं बऱ्याच जणींच्या बाबतीत खरं ठरतं. जवळपास चौघींपैकी एकीच्या बाबतीत मात्र ते दीड वर्षानंतरही खरं ठरलेलं नसतं. लंडनमधल्या पहिलटकरणींवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत १०० पैकी ८३ जणींनी लैंगिक जीवनात काही ना काही अडचण आल्याचं सांगितलं. सहा महिन्यांनीही ६४ जणी अडचणीतच होत्या. गरोदरपणाआधीही ३८ जणींना काही तक्रार होतीच, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. सगळं खापर बाळंतपणावर फोडता येणार नाही. पण त्या अभ्यासातली खरी अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच आहे. बाळंतपणानंतर अडचण असलेल्यांपैकी डॉक्टर, नर्स वा कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याशी त्याबद्दल बोललेल्या स्त्रिया होत्या शंभरातल्या १५.

या १५ चा अर्थ कसा लावायचा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दवाखान्यात तक्रारी येत नाहीत म्हणून त्रास नाही, असा अर्थ आजवर लावला गेला. प्रशिक्षण नाही, कारण मागणी नाही. मागणी नाही, कारण कुणी बोलत नाही. बोलत नाही, कारण कुणी विचारत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसूतीनंतरच्या दीर्घकाळच्या त्रासांवर जो मोठा आढावा आला, त्यानुसार जगात दरवर्षी निदान ४ कोटी स्त्रियांना प्रसूतीमुळे असे त्रास जडतात आणि त्यांत संबंधाच्या वेळच्या वेदनेचा क्रमांक सर्वात वरचा आहे, बाळंत झालेल्या शंभरात ३५. कंबरदुखीपेक्षाही जास्त. कंबरदुखीबद्दल मात्र बाळंतिणीला सगळे विचारतात.

आता सहा आठवड्यांबद्दल. संबंध पुन्हा सुरू करण्यासाठी ही मुदत जगभर रूढ आहे, आणि तिच्यामागे काही आधारही आहे. साधारण तेवढ्या काळात गर्भाशय आक्रसून मूळ आकाराजवळ येतं, रक्तस्राव थांबतो, वरच्या जखमा भरतात, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. म्हणजे सहा आठवड्यांची तपासणी सांगते ती एवढंच: आता धोका कमी आहे. अस्तर पूर्ववत झालं का, स्नायू सावरले का, भीती गेली का, मन आहे का, यातलं काहीही ती सांगत नाही. पण घरी पोचेपर्यंत ‘धोका कमी आहे’चं ‘परवानगी मिळाली’ झालेलं असतं. परवानगी कुणी कुणाला दिली? तिच्या शरीराबद्दल डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला? तपासणीच्या खोलीत तिचं मत कुणी विचारलेलं नसतं आणि बाहेर आल्यावर तिच्याकडे नकार द्यायला कारण उरलेलं नसतं. एका तारखेनं तिचा नकार बाद होतो.

प्रत्यक्षात बायका काय करतात, तेही मेलबर्नच्या पाहणीत आहे. सहा आठवड्यांपर्यंत योनीसंबंध सुरू केलेल्या शंभरात ४१, बारा आठवड्यांपर्यंत ७८, सहा महिन्यांपर्यंत ९४. म्हणजे सहा आठवडे हा बहुसंख्य स्त्रियांचा नियम कधी नव्हताच. चौथ्या महिन्यात सुरू करणारी बाईही तितकीच निरोगी आहे जितकी सातव्या आठवड्यात करणारी. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली ही सहा आठवड्यांची एकदाची भेट मोडीत काढली. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा संपर्क व्हावा, मग गरजेप्रमाणे भेटी होत राहाव्यात, आणि बारा आठवड्यांच्या आत सविस्तर तपासणी व्हावी, ज्यात लैंगिक आरोग्याबद्दलही बोललं जावं, असं त्यांनी सुचवलं. वर्षाच्या हिशेबात बारा आठवडेही कमीच आहेत, पण दिशा बरोबर आहे.

इथे इच्छेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण दुखणं आणि इच्छा कमी होणं या दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते आणि ती सरमिसळ बायकांच्या मुळावर येते. इच्छा कमी होणं हा बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आजार नव्हे. झोप तुटलेली आहे, इस्ट्रोजेन कमी आहे, दिवसभर एक जीव अंगाला चिकटलेला आहे. रात्री आणखी कुणाचा स्पर्श नकोसा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्याचं तिला स्वतःला ओझं वाटत नसेल तर त्यावर औषध शोधायची गरजच नाही. त्याचा त्रास फक्त दुसऱ्याला होत असेल, तर उपचार करायचा तो तिच्यावर नाही. याउलट दुखणं हे कोणत्याही महिन्यात, कोणत्याही कारणानं, सहन करण्याची गोष्ट नाही. मन कुठेच रमत नसेल, बाळाकडे बघूनही काही वाटत नसेल, सतत रडू येत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते शंभरातल्या दहापंधरा जणींना होतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. त्यावरची काही औषधं इच्छा आणखी कमी करतात. ती आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगून बदलून घेता येतात. हेही विचारलं तरच कळतं.

आणि काही जणींची इच्छा लवकर परततेही. कधी पूर्वीपेक्षा जास्त. आईनं असं वाटून घेऊ नये या दडपणाखाली त्या बिचाऱ्या अपराधी होतात. लैंगिक आरोग्य म्हणजे नुसता रोग नसणं नव्हे. सुखाचे, सुरक्षित, कोणत्याही जबरदस्तीविना येणारे अनुभव घेता येणं हा त्याचाच भाग आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. आईपणानं तो अधिकार संपत नाही.

जबरदस्तीचा उल्लेख आलाच आहे, तर मेलबर्नच्या पाहणीतली आणखी एक गोष्ट. दीड वर्षानंतरही वेदना असण्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत गरोदरपणाआधीची वेदना होती, आईचा थकवा होता, आणि जोडीदाराकडून होणारा छळही होता. ‘दुखतं का’ हा प्रश्न म्हणूनच फक्त टाक्यांचा प्रश्न नाही. नीट, एकांतात, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून विचारला, तर या एका प्रश्नातून अशी गोष्ट बाहेर येऊ शकते जी ‘घरी सगळं ठीक आहे ना’ या प्रश्नातून कधीच येत नाही.

मग व्यवस्था काय विचारते? गर्भनिरोधन. तो प्रश्न आवश्यकच आहे, त्याबद्दल दुमत नाही. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात बीज अगदी लवकर, पंचविसाव्या दिवशीही सुटल्याची नोंद आहे, आणि पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात. स्तनपानाचं संरक्षण मिळतं तेही तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, ते फक्त किंवा जवळजवळ फक्त अंगावरच पीत असायला हवं, आणि पाळी परत आलेली नसावी. यातली एक अट जरी सुटली तरी भरवसा संपला. हे सगळं बाईला सांगायलाच हवं. पण संबंध आहेत हे गृहीत धरून त्यांतून मूल होऊ नये याची चौकशी करायची, आणि त्याच संबंधांत तिला वेदना होतात का हे मात्र विचारायचं नाही, यात तिच्याकडे बघण्याची जी नजर आहे ती मला अस्वस्थ करते. तिच्या गर्भाशयाची काळजी आहे. ती बाई कुठे आहे?

याच्या विरोधात जे म्हटलं जातं, त्यातलं काही खरंच विचार करण्याजोगं आहे. एक म्हणजे, हा खासगी विषय आहे, असं विचारलेलं बायकांना आवडणार नाही. खासगी आहे, म्हणूनच तो डॉक्टरांच्या खोलीत यायला हवा. ती खोली खासगी गोष्टींसाठीच असते. शौचाला साफ होते का, हेही खासगीच आहे, ते विचारताना कुणी अडखळत नाही. बाईला उत्तर द्यायचं नसेल तर ती देणार नाही, तो तिचा हक्क. पण प्रश्न आला म्हणजे हा विषय इथे काढता येतो एवढं तरी तिला कळतं, आणि पुढच्या भेटीत ती बोलते.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका डॉक्टरसमोर पन्नास बायका रांगेत असताना हे कोण विचारणार? डॉक्टरांनीच विचारावं असं कुठे आहे? प्रशिक्षित नर्स, सुईण, आरोग्यसेविका हे डॉक्टरांपेक्षा चांगलं विचारू शकतात. प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. वेळ लागतो तो उत्तराला, आणि मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. ‘हो, दुखतं’ असं उत्तर आलं तर पुढे काय करायचं, हे बहुतेकांना शिकवलेलंच नसतं. उत्तर नाही म्हणून प्रश्न टाळला जातो.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर. नैसर्गिक गोष्टीला आजार ठरवून तुम्ही बायकांना घाबरवता, आणि औषधांच्या बाजारात ढकलता. बाजाराची भीती खरी आहे, पण तो बाजार शांततेवरच पोसला गेलाय. योनी सैल झाली असेल, ती घट्ट करून घ्या, पूर्वीसारखी करून घ्या, अशा जाहिराती करणारी मलमं, यंत्रं, लेझर उपचार डॉक्टर गप्प बसल्यामुळेच खपतात. ‘योनीच्या नवतारुण्या’साठी लेझर आणि तत्सम उपकरणं वापरण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ च्या जुलैमध्ये इशारा दिला होता. भाजणं, व्रण, संबंधाच्या वेळी वेदना, कायमचं दुखणं हे त्यांचे धोके म्हणून सांगितले होते. म्हणजे दुखू नये म्हणून पैसे मोजायचे आणि नवं दुखणं घेऊन यायचं. नवऱ्याला घट्ट वाटण्यासाठी तर मुळीच काही करायचं नाही; स्नायू बळकट झाले तर त्याचा पहिला फायदा तिला व्हावा, तिचं मूत्राशय सांभाळलं जावं, तिला सुख मिळावं.

खरे उपचार त्या मानानं साधे आहेत. कोरडेपणासाठी वंगण, कंडोम वापरत असाल तर तेलकट पदार्थ मात्र नकोत, त्यानं लॅटेक्सचा कंडोम फाटतो. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन. ते रक्तात फारच थोडं जातं, स्तनपान चालू असतानाही देतात. व्रणाला मसाज, वाढलेल्या मांसावर छोटा उपचार, नीट न जुळलेल्या फाटीसाठी शस्त्रक्रिया. आणि स्नायूंसाठी व्यायाम. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला, आज त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. मात्र ‘केगेल करा’ एवढं सांगून बाईला घरी पाठवणं पुरेसं नाही. चुकीच्या पद्धतीनं, नुसतं पोट आवळून किंवा खाली जोर देऊन करणाऱ्या पुष्कळ असतात. आणि ज्यांचे स्नायू भीतीनं आधीच आवळलेले आहेत, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. त्यांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणं वाढतं. हा फरक हातानं तपासल्याशिवाय कळत नाही, आणि त्यासाठी या विषयातली फिजिओथेरपिस्ट लागते. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या पुनर्वसनाचे वर्ग सार्वजनिक आरोग्य विम्यातून मिळतात. तिथे तो चैनीचा उपचार मानला जात नाही. पाय मोडल्यावर चालायला शिकवतात, त्यातलाच प्रकार.

नवऱ्यांबद्दल थोडंच सांगते, कारण त्यांच्याकडून अपेक्षाही थोडीच आहे. योनीसंबंध म्हणजेच जवळीक, हा हट्ट सोडावा. दुखतं असं ती म्हणाली की त्या क्षणी थांबावं, आणि थांबल्याची भरपाई पुढचे दोन दिवस अबोल्यानं वसूल करू नये. बाळाची एक रात्रपाळी स्वतःकडे घ्यावी. थकवा आणि वेदना यांचं नातं अभ्यासात दिसलेलं आहे, त्यामुळे झोपू देणं हाही उपचारच आहे. आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी बाहेर बसायला सांगितलं तर मनाला लावून न घेता बसावं.

विचारायचं कधी आणि कुणी, याचं उत्तर शोधायला नवी यंत्रणा उभी करावी लागत नाही. सहा आठवड्यांनंतर आईला कुणी बोलावत नाही, पण बाळाला बोलावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळापत्रकाप्रमाणे अनेक ठिकाणी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस असते, पुढे नवव्या महिन्याच्या सुमाराला गोवरची. त्या प्रत्येक वेळी बाळाला घेऊन बहुतेक करून आईच आलेली असते. बाळाच्या कार्डावर आईसाठी चार ओळी छापायच्या. लघवी किंवा शौच गळतं का? खाली काही उतरल्यासारखं वाटतं का? मन कसं आहे? संबंध सुरू झाले असतील तर दुखतं का, आणि नसतील तर त्याचा तुम्हाला स्वतःला त्रास वाटतो का? शेवटचा प्रश्न असाच, याच क्रमानं विचारावा, म्हणजे संबंध सुरू व्हायलाच हवेत असा त्याचा सूर लागत नाही.

त्या चार ओळींच्या खाली आणखी एक रकाना लागेल: कुणाकडे पाठवलं. नर्सच्या, सुईणीच्या, डॉक्टरच्या अभ्यासक्रमात या तपासणीचे काही तास घालावे लागतील, आणि प्रत्येक प्रसूतिगृहाच्या आवाक्यात पेल्विक फ्लोअरचं काम शिकलेली निदान एक फिजिओथेरपिस्ट नेमावी लागेल. कार्ड छापून ती नेमली नाही, तर बायका दोनदा ‘हो’ म्हणतील आणि तिसऱ्यांदा ‘नाही’ सांगून मोकळ्या होतील. म्हणून आधी तिची नेमणूक, मग छपाई.